पुडीतला कागद

१२ जानेवारी

बारक्या,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट तसंच परत पाठवायचा विचार असेल तर आधीच सांगते, आत भांडण नाही. काम आहे.

तुझ्या भाचीचं लग्न ठरलं. मुलगा शाळेत गणित शिकवतो, कमी बोलतो, आणि जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलतो. मला पसंत आहे. यांनाही आहे, पण यांचं काय, यांना दारात आलेला कुरियरवालासुद्धा पसंत पडतो. लग्न मे महिन्याच्या शेवटी, नोंदणी कार्यालयात, अगदी मोजक्या माणसांत. अंगठी अर्थातच मी घडवणार. खडा कुठला हवा म्हणून विचारलं, तर म्हणते, "नारिंगी गार्नेट. आणि मामाने पैलू पाडलेलाच हवा." मी म्हटलं, बाजारात काय खडे मिळत नाहीत? तर म्हणाली, "आई, तू मामाला बोलवणार नाहीस आणि तो आपणहून येणार नाही. निदान त्याच्या हातचं काहीतरी माझ्या हातात असू दे." पोरगी सरळ बोलते. हे वळण तुझं.

म्हणून हे पत्र. उगाच गैरसमज नको. तू आपलं काम सोडून खडे तापवायच्या त्या भट्टीवर निघालास त्या दिवशी, बाबांच्या टेबलापाशी उभी राहून मी म्हटलं होतं की तापवून रंग आणलेला खडा या घरात येणार नाही आणि तापवणाराही येणार नाही. ते मी मागे घेतलेलं नाही. तू तापवलेला नीलम 'तापवलेला' असं पावतीवर लिहून विकतोस, हे मला माहीत आहे. तू फसवतोस असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं. मला आपला जमिनीतून जसा निघाला तसा खडा आवडतो, इतकंच. आणि गार्नेटचं बरं आहे. त्याला तापवून हाती काही लागत नाही, म्हणून सहसा कुणी त्याच्या वाटेला जात नाही. तुझ्याकडून मी डोळे मिटून घेईन असा हा एकच खडा.

तर हवा तो असा. लंबगोल, दोन कॅरेटच्या आसपास. रंग संत्र्याच्या सालीचा. किंचित लालाकडे झुकला तर चालेल, तपकिरीकडे नको. आत बारीकसारीक खुणा असल्या तर असू देत, उलट बरंच, काच नाही याची खात्री. मधोमध खिडकी पडलेली नको. खड्याखाली वर्तमानपत्र धरलं आणि बातमी वाचता आली, तर तो खडा नव्हे, चष्म्याचा तुकडा. हे सगळं तुला शिकवायची गरज नाही, तरी लिहिलं. मोठी बहीण आहे.

ताई

४ फेब्रुवारी

बारक्या,

पुडी मिळाली. आत दोन ओळी असतील म्हणून पुडी उलटी करून झटकलीसुद्धा. वर वजन आणि 'न तापवलेला', बस. एवढं बोलायला तुला नऊ वर्षं लागली.

सवयीने सगळ्या तपासण्या केल्या. थर्माकोलच्या चकतीवर खडा ठेवून वाडग्यातल्या पाण्यात सोडला आणि आपलं ते जोरकस लोहचुंबक काठाशी नेलं. चकती अलगद चालत आली. काच असती तर जागची हलली नसती. हे दाढी अर्धी टाकून होडी बघायला आले आणि "पुन्हा कर ना" म्हणाले. पुन्हा केली. मग भिंगाखाली घेतला. कडेला पिसासारखी एक नाजूक खूण, तिच्याखाली बारीक जाळी. जमिनीतलाच आहे. पैलूंबद्दल बोलत नाही, तुझा हात दिसतोच. खिडकीचं नाव नाही.

पण रंगाचं काय? अरे, हा तपकिरी आहे. चहा जास्त उकळून विसरला की होतो तसा. उत्तरेच्या खिडकीत ठेवला, मग बाहेर गॅलरीत नेला, चहा तो चहाच. हा मी मुलीच्या बोटात घालू? परत पाठवते आहे.

हल्ली उजेडाचंही काही खरं राहिलेलं नाही. पांढरी ट्यूब मागावी तर दुकानदार पिवळी माथी मारतो. कामाच्या खोलीला पांढरा रंग द्यायला माणूस बोलावला, तर त्या गाढवाने डब्यात पिवळा मिसळला. मी समोर उभी राहून दुसरा हात द्यायला लावला. तरी भिंती पिवळट त्या पिवळटच. हे म्हणतात, "अगं, शुभ्र आहेत." यांचं तुला मागच्या पत्रात सांगितलंच आहे.

माझे डोळे झाले असतील म्हातारे, असं मनात आणशील. आणू नकोस. उलट सुधारलेत. वर्षभरात वाचायचा चष्मा सुटला माझा. औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षर नुसत्या डोळ्यांनी वाचते. साठी उलटल्यावर कुणाचं असं होतं सांग.

दुसरा पाठव.

ताई

२६ फेब्रुवारी

बारक्या,

हाही तपकिरीच. मला शंका येते आहे की तू मुद्दाम करतो आहेस. पहिल्यापेक्षा गडद, आणि आत उजेड शिरतच नाही. हाही परत.

तुला आठवतं का, बाबा आपल्याला खडे कसे दाखवायचे? एका जोडी डोळ्यांवर खडा घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. आधी तू खिडकीत बघायचास, मग मी. मग दोघांना पाठीला पाठ लावून उभं करायचे आणि टेबलावर बोटाने टकटक केलं की दोघांनी एकदम बोलायचं, 'घ्या' नाहीतर 'नको'. एकाचं 'घ्या' आणि एकाचं 'नको' आलं तर खडा गेला परत, मग व्यापारी कितीही हात जोडू देत. तू एकदा माझ्या पाठीला चिमटा काढून 'नको' म्हणायला लावलं होतंस, आणि खडा खरंच भिकार निघाला. त्याचंही श्रेय तूच घेतलंस.

आता मी एकटीच बघते आणि एकटीच बोलते. कुणाला आडवं बोलायला जागा नाही, त्यामुळे काम झटपट होतं. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून लिहिलं.

गेल्या आठवड्यात एक बाई कानातलं परत घेऊन आल्या. फिक्या निळ्या खड्यांची जोडी. म्हणाल्या, "एक निळा आहे आणि एक नुसताच पाण्यासारखा. जुळत नाहीत." मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षं मी खडेच जुळवते आहे. नाकाने कांदे सोलणारं गिऱ्हाईक काय नवीन आहे मला? त्या डबी टेबलावर ठेवून गेल्या. डबी इथेच आहे. मी रोज उघडून बघते, खडे अगदी जुळे आहेत.

आणि एक. पुडीत कागद तरी नीट घालत जा. नारिंगी खड्याला आतून फिका निळा कागद, हे आपल्या घरचं. त्यावर रंग उठतो. तू हा मळकट पांढरा कुठून पैदा केलास? दोन्ही पुड्यांत तोच. भट्टीच्या धुराने तुझ्या सवयीही बिघडल्या वाटतं.

लग्नाला तीन महिने राहिले आहेत. डोळ्यांत तेल घालून निवड आणि पाठव.

ताई

१८ मार्च

बारक्या,

काल पुडी आली. उघडली, भिंगाखाली धरली आणि हसू की रडू ते कळेना. कडेला पिसासारखी खूण, खाली बारीक जाळी. मी परत पाठवलेला पहिलाच खडा तू मला पुन्हा पाठवलास! मला ओळखता येणार नाही असं वाटलं? एकदा भिंगाखाली गेलेला खडा मी गर्दीत ओळखेन. तसाच्या तसा तपकिरी आहे.

तुला झणझणीत पत्र लिहायला बसले होते, तेवढ्यात तुझी भाची आली. हातात पुडी घेतली, खडा बाजूला काढून ठेवला आणि आतला कागद माझ्यासमोर पसरला.

"आई, हा कागद कुठल्या रंगाचा आहे?"

"मळकट पांढरा. तुझ्या मामाला चांगला कागद मिळत नाही."

हे वर्तमानपत्र वाचत होते. तिने कागद यांच्यासमोर धरला. यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्या भिंती सोडल्या, तर रंगाच्या बाबतीत यांनी आयुष्यात माझा शब्द खोडलेला नाही. म्हणाले, "निळा आहे गं. फिका निळा."

मी म्हटलं, तुम्ही दोघं मिळून माझी थट्टा करताय. तेव्हा तिने पर्समधून तुझं पत्र काढलं. म्हणजे तिला लिहायला तुझ्याकडे शाई आहे! तीनच ओळी. 'ताईला विचार, आतला कागद कुठल्या रंगाचा. पांढरा म्हणाली तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. ऐकणार नाही, तरी ने.'

मी शेजारच्या मुलीला बोलावलं. निळा. दूध घेऊन आलेल्या माणसाला विचारलं. निळा. मग मी कामाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

बारक्या, मी घाबरले आहे. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही म्हणून तुला लिहिते. मला दुसरं काही येत नाही. घडणारे हात बाजारात पुष्कळ आहेत, माझ्याहून स्वच्छ काम करणारे आहेत. लोक माझ्याकडे रंगासाठी येतात. तोच मला दिसत नसेल तर मी कोण? त्या बाईंची डबी मी आज उघडली नाही.

डॉक्टरकडे मी जाणार नाही. चार दिवस आराम केला की डोळे ठीक होतील. हा खडा परत पाठवणार होते, पण तुझ्या भाचीने पुडी काढून घेतली आहे.

ताई

२ एप्रिल

बारक्या,

नेलंच तिने. जावईबापूंनाही बरोबर घेतलं होतं, त्यामुळे मला रिक्षात आरडाओरडा करता आला नाही.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला पिकून तपकिरी झालेला. डॉक्टरीण तुझ्या भाचीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी असेल. तिने भिंतीवर चित्र दाखवून समजावलं. डोळ्यातलं आपलं मूळचं भिंग हळूहळू पिवळं आणि मग तपकिरी होत जातं. इतकं सावकाश की माणसाला पत्ता लागत नाही. निळा सगळ्यात आधी गळतो, पांढरा पिवळा होतो, झगझगीत रंग मातकट होतात. आणि माझा सुटलेला चष्मा? तो याच रोगाचा. भिंग घट्ट होतं तेव्हा जवळचं काही दिवस स्पष्ट दिसतं. मी ज्याची फुशारकी मारत होते तेच दुखणं होतं. म्हणून तुझ्या खड्यातली पिसासारखी खूण मला दिसली आणि खड्याचा रंग दिसला नाही.

घरी येताना हे म्हणाले, "जन्मभर खडे निवडलेस आणि डोळ्यांत मोती घेऊन बसलीस." मी यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

उपाय एकच. आपलं भिंग काढून टाकायचं आणि कारखान्यात बनवलेलं बसवायचं. मी डॉक्टरणीला विचारलं, "माझं आहे तेच घासूनपुसून साफ नाही का करता येणार?" ती म्हणाली, नाही. मी विचारलं, "मग एखादं नैसर्गिक?" तुझी भाची खाली मान घालून हसायला लागली. डॉक्टरीण हसली नाही, हे तिचं मला आवडलं. म्हणाली, "काकू, तुमचं नैसर्गिकच खराब झालंय."

मी तिला हो म्हटलेलं नाही. तू हसशील, पण मला हे जड जातं आहे. मी लोकांना सांगते की जसा निघाला तसा खडा घ्या, त्यात कुणी हात घातलेला नसतो. आणि तो खडा निवडणारा डोळा माणसाने कारखान्यात घडवलेला? त्या डोळ्याला दिसेल तो रंग खरा कशावरून? तुझी भाची म्हणते, "आई, आत्ता तुला दिसतोय तो तरी खरा आहे का?" पुन्हा तेच, सरळ बोलणं.

एक विचारायचं आहे. तू कागदावरून ओळखलंस की त्याआधीच? मी पहिला खडा चहा म्हणून परत पाठवला, तेव्हाच तुला कळलं असेल असं मला वाटतं. खडा तुझ्या हातात होता, तुला दिसत होता. रागावून गप्प बसला असतास तरी तुला कुणी बोललं नसतं. तू तोच खडा पुन्हा पाठवलास.

उत्तर देणार नाहीसच. विचारून ठेवलं.

ताई

२४ एप्रिल

बारक्या,

तुझ्या भाचीच्या त्या प्रश्नापुढे हरले आणि शेवटी हो म्हटलं. उजवा डोळा झाला. डाव्याची तारीख पुढच्या महिन्यातली, लग्नाच्या बरीच आधी.

पट्टी काढली तेव्हा आधी नर्सचा कोट दिसला. इतका पांढरा कोट मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. घरी आले आणि कामाच्या खोलीत उभी राहिले. भिंती पांढऱ्या, ट्यूब पांढरी, यांचा सदरा पांढरा, आणि आमचा पडदा, जो मी इतके दिवस करडा समजून धूत होते, तो निळा. रंगाऱ्याला फोन करून सांगितलं की भिंती पांढऱ्याच होत्या. तो म्हणाला, "ताई, मी तर तिसरा हात द्यायची तयारी करून बसलो होतो."

डबी उघडली. त्या बाईंचं बरोबर होतं. एक खडा निळा, एक पाण्यासारखा. आंधळ्यालाही दिसेल असं म्हणणार होते, पण मला दिसत नव्हतं. खडा बदलून मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिला. चहा मिळाला. गेल्या दोन वर्षांत ज्यांना ज्यांना खडे दिले, त्या सगळ्यांना एकेक करून बोलावते आहे.

मग पुडी मागितली. तुझ्या भाचीने ती कपड्यांच्या कपाटात लपवली होती. खिडकीपाशी बसले. कागद उघडला. फिका निळा आहे, बाबा घालायचे अगदी तोच. त्यावर तुझा खडा.

डॉक्टरीण म्हणाली होती, दुसरा डोळा होईपर्यंत तुम्हाला गंमत दिसेल. उजवा मिटून डाव्याने पाहिलं, उकळून विसरलेला चहा. डावा मिटून उजव्याने पाहिलं. मग पुन्हा डाव्याने, पुन्हा उजव्याने. किती वेळ करत बसले कुणास ठाऊक. हे दारातून विचारत होते, "काय झालं? डोळ्यांतून पाणी का येतंय? औषध घालू का?" मी म्हटलं, औषध नको, गप्प उभे राहा. खडा कसा दिसला ते तुला लिहीत नाही. मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली सांगते.

दवाखान्यातून मला एक कार्ड मिळालं आहे. त्यावर एक चिकटपट्टी, कुठल्या कारखान्याचं भिंग, कुठला क्रमांक, कधी बसवलं, सगळं छापलेलं. ते वाचताना मला तुझ्या पावत्या आठवल्या. काय केलं आहे ते लपवायचं नाही, लिहून द्यायचं. मी ते कार्ड बाबांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं आहे. गिऱ्हाइकांना दिसेल असं.

आता मुद्द्याचं. तापवलेला खडा आणि तापवणारा या घरात येणार नाही, हे माझे शब्द. मी दिलेला शब्द मागे घेत नाही, तुला माहीत आहे. पण त्या हिशेबाने सगळ्यात आधी मलाच घराबाहेर काढावं लागेल, आणि मग अंगठी कोण घडवणार? तुझ्या भाचीने विचारपूर्वक असा निकाल दिला आहे की एक तर दोघंही बाहेर, नाहीतर दोघंही आत. हे म्हणाले, बाहेर फार ऊन आहे.

तर तू ये. लग्नापुरता नको, चार दिवस आधी ये. कोंदण तयार आहे, रोजच्या वापरातली अंगठी म्हणून खड्याच्या कडा झाकणारं केलंय. खडा मात्र बसवलेला नाही. खिडकीत त्याच निळ्या कागदावर ठेवला आहे. मी पाहिला आहे, पण 'घ्या' की 'नको' ते अजून कुणाला बोललेले नाही, तुझ्या भाचीलासुद्धा नाही. ती रोज विचारते. मी म्हणते, एका जोडी डोळ्यांवर खडा घ्यायचा नाही, मामा आला की पाठीला पाठ लावून उभे राहू आणि टकटक तुझे बाबा करतील.

चिमटा काढू नकोस.

ताई
(उजवा डोळा प्रक्रिया केलेला. डावा अजून जसा निघाला तसा.)